गोल्डफिंचच्या बॉक्सवरची जागा

कोम्बर्ली व्हिकरेज,
३ ऑक्टोबर १८२६

प्रिय कॉर्नेलियस,

तुझी तब्येत बरी असणार असं मी धरून चालते, कारण ती बरी नसती तर तुझं चार पानी पत्र केव्हाच आलं असतं. म्हणून सरळ कामाचं बोलते.

काल आमच्या खाटकाची बायको सॉल्सबरीहून परतली. तिने तिथे माझ्या लायोनेलला पाहिलं. तुझ्या गावात, कॅथीड्रलचे वरिष्ठ पाद्री कॅनन थर्लो यांच्या घरी राहून दीक्षेसाठी धर्मशास्त्र वाचतो आहे असं जो मला दर पंधरवड्याला लिहितो, तोच लायोनेल. तो 'गोल्डफिंच' या प्रवासी घोडागाडीच्या बॉक्सवर, म्हणजे पुढच्या उंच बैठकीवर, गाडीवानाला चिकटून बसला होता, अंगात खांद्यांवर झालरीवर झालर लावलेला गाडीवानाचा कोट होता आणि चारी घोड्यांचे लगाम त्याच्या हातात होते. तिने हाक मारली, तर त्याने टोपी काढण्याऐवजी दातांच्या फटीतून लांब पिचकारी मारली. कॉर्नेलियस, माझ्या मुलाच्या दातांना फट नव्हती. म्हणजे त्याने ती करून घेतली आहे.

तुला आठवण करून द्यायला नको, पण देते. हे घर चर्चचं आहे, माझं नाही. माझे यजमान, इथले पाद्री, गेले तेव्हा लेडी थ्रॉकली म्हणाल्या की मुलाला दीक्षा मिळेपर्यंत कोम्बर्लीची गादी मी राखून ठेवते, तोवर मिस्टर पूल काम पाहतील. गादी कोणाला द्यायची हे सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर आहे. लायोनेल पाद्री झाला तर मी याच घरात म्हातारी होईन. नाही झाला तर मिस्टर पूल इथे येतील, आणि मला माझ्या पेट्या घेऊन रस्त्यावर उभं राहावं लागेल. मिसेस पूल परवा चहाला आली होती. गप्पा हवामानाच्या चालल्या होत्या आणि बाई विती टाकून पडद्यांची लांबी मोजत होती. जाताना तिने बागेतल्या नासपतीच्या झाडांची चौकशी केली.

तू जन्मभर वकिली केलीस आणि लोकांना त्यांच्या घरांतून बाहेर काढलंस. आता एका मुलाला बॉक्सवरून खाली काढून दाखव.

तुझी बहीण,
हेस्टर विनकॉट

*

सॉल्सबरी,
१९ ऑक्टोबर

प्रिय हेस्टर,

उत्तराला उशीर झाला, कारण मी पुरावा गोळा करत होतो. ऐकीव गोष्टीवर मी कधी कोर्टात उभा राहिलो नाही, तर खाटकाच्या बायकोच्या बोलण्यावर स्वतःच्या भाच्याला कसा दोषी ठरवणार?

मी स्वतः गोल्डफिंचमधून डॉर्चेस्टरपर्यंत जाऊन आलो. अर्थात आत बसून. आत चौघांची जागा असते असं गाडीचे मालक म्हणतात. त्यांनी माणसं मोजली, गुडघे मोजले नाहीत. माझ्यासमोर एक लोकरीचा व्यापारी होता, शेजारी एक बाई, आणि बाईच्या मांडीवर टोपलीत एक जिवंत हंसीण. वाटभर एकाही माणसाने तोंड उघडलं नाही. हंसिणीने उघडलं, आणि माझं एक बटण गेलं.

लायोनेल बॉक्सवरच होता. तुझी बातमी खरी आहे. जेवणाच्या थांब्यावर मी त्याच्याशी चार शब्द बोलणार होतो, पण आत बसणाऱ्यांचं टेबल वेगळं आणि टपावर बसणाऱ्यांचं वेगळं. आतल्याने वरच्याशी बोलायचं नसतं, हे तुलाही ठाऊक आहे. तो माझ्यापासून हाताच्या अंतरावर उकडलेलं बीफ खात होता आणि आम्ही दोघं एकमेकांच्या डोक्यावरून भिंतीकडे पाहत होतो. सख्खा भाचा झाला म्हणून भरल्या खोलीत रीत मोडता येत नाही. शिवाय मी सूप निववण्यात गुंतलो होतो. त्या खाणावळीत सूप इतकं कढत वाढतात की ते तोंडात घेण्याजोगं होतं न होतं तोच गार्ड शिंग फुंकतो आणि सगळे गाडीकडे धावतात. मी खिडकीतून मागे पाहिलं. खाणावळवाला सगळ्यांच्या वाट्या शांतपणे पातेल्यात परत ओतत होता. पाठोपाठ 'कॉमेट' ही दुसरी गाडी येतेच.

आता दोषाचं मूळ सांगतो. तो गाडीवान, जेथ्रो ब्लॅगडन नावाचा. चांगल्या घरच्या पोरांना त्याने वेड लावलं आहे. ही पोरं त्याच्यासारखी चालतात, त्याच्यासारखी बोलतात, त्याच्यासारखं थुंकता यावं म्हणून कानस लावून दात घासून घेतात. आणि तो स्वतः? तो थुंकतच नाही. जाडजूड, गंभीर माणूस, गळ्यात पांढराशुभ्र गळपट्टा, पोटावर सोन्याच्या घड्याळाची साखळी. बिशपने आशीर्वाद द्यावा अशा थाटात 'आज पाऊस येईल' म्हणतो. म्हणजे सभ्य घरातली मुलं गाडीवान दिसायची धडपड करतात आणि गाडीवान मात्र सभ्य गृहस्थ दिसतो.

मुलाला गाठायचं तर आता मला टपावर बसणं भाग आहे. माझ्या वयाला हे शोभत नाही, पण तुझ्यासाठी मी तेही करीन.

तुझा,
कॉर्नेलियस बॅब

*

कोम्बर्ली,
२३ ऑक्टोबर

प्रिय कॉर्नेलियस,

माझं घर जायची वेळ आली आहे आणि तू मला सुपाबद्दल लिहितोस.

थंड पाण्याचा पेला ओतायचा त्यात. इतकी वर्षं बायको नाही, म्हणून एवढंही कोणी शिकवलं नाही तुला.

मुलाला समोर बसव आणि सांग, की आईला घराबाहेर काढायचं असेल तर तसं स्पष्ट लिहून कळव, म्हणजे मी मिसेस पूलला पडद्यांचं नेमकं माप तरी देईन. काल ती खरोखरची फीत घेऊन आली होती. म्हणाली, आपल्या बहिणीच्या खिडक्या साधारण एवढ्याच आहेत, म्हणून अंदाज घेते. तिला बहीण नाही.

तुझी,
हेस्टर

*

सॉल्सबरी,
१४ नोव्हेंबर

प्रिय हेस्टर,

खुशीची बातमी आहे. माझी योजना सफल होते आहे.

ती सांगतो. गोल्डफिंचच्या टपावर पुष्कळ माणसं बसतात, पण गाडीवानाच्या शेजारी, बॉक्सवर, जागा एकच. मान तिला आणि लगाम हातात यायची संधीही तिथेच. मी विचार केला, मुलाला उपदेश करून तो ऐकणार नाही. त्यापेक्षा ती जागा मीच अडवली तर तो बसणार कुठे? तेव्हापासून मी गाडीच्या आवारातल्या मोतद्दाराला खूश ठेवतो आणि आठवड्यातून तीनदा बॉक्सवर मीच असतो. लायोनेल दोन-तीनदा मागे सामानाशेजारी बसला, एकदा पावसात भिजला, आणि आता बराच वेळ कॅननसाहेबांकडे असतो. बघ, एक शब्दही न बोलता काम झालं.

मला मात्र फार सोसावं लागतं. वारा असा लागतो की डोळ्यांतून पाणी येतं. म्हणून केवळ थंडीपासून बचाव म्हणून एक कोट शिवून घेतला. त्याला पाच झालरी आहेत. शिंपी म्हणाला की कमी झालरींनी ऊब येत नाही, आणि त्याच्या धंद्यात आपण कशाला बोला.

हेस्टर, पहाटे गाडी गावाबाहेर पडते तेव्हा कुरणांवर धुकं असतं आणि त्यातून फक्त मेंढ्यांची डोकी दिसतात. चारी घोड्यांच्या पाठींवरून वाफ निघत असते. गार्ड शिंग फुंकतो आणि टोलनाक्याचा माणूस रात्रीच्या टोपीत धावत येऊन फाटक उघडतो. मी जन्मभर टेबलाशी बसलो, माझ्यासाठी कधी कोणी फाटक उघडायला धावलं नव्हतं. मिस्टर ब्लॅगडन म्हणतात की घोडा हाताने नव्हे, बोटांनी चालवायचा असतो. ते फार कमी बोलतात, पण बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. काल खडूच्या टेकडीच्या चढावर त्यांनी क्षणभर लगाम माझ्या हातात दिले. त्यांना नाक शिंकरायचं होतं, एवढंच कारण. गैरसमज नको.

'कॉमेट'वाले फार माजले आहेत. काल त्यांनी आम्हाला मागे टाकलं.

तुझा,
कॉर्नेलियस

*

सॉल्सबरी,
१ डिसेंबर

प्रिय आई,

तू पाठवलेले मोजे आणि नासपतीचा मुरंबा मिळाला. मी भरपूर वाचतो आहे. तुला कोणी काही उलटसुलट सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नकोस. मधे थोडी मोकळी हवा खाल्ली, पण ते आता बंद झालं, कारण जागाच मिळत नाही.

मी लिहितो आहे ते मामाबद्दल. आई, त्याच्याकडे कोणीतरी बघायला हवं. तो पहाट व्हायच्या आत गाडीच्या आवारात असतो. घोड्यांना नावाने हाका मारतो. परवा जेवताना त्याने मीठ-मिरीच्या कुप्या मांडून मला कॉमेट वळणावर कशी चुकते ते दाखवलं, आणि मी धर्मशास्त्राचा विषय काढला तर म्हणाला, "पोरा, पुस्तकांनी चढ चढत नाही." त्याच्या दाराशी पूर्वी अशिलं यायची, आता नालबंद येतो. काल तो आरशासमोर उभा राहून दातांच्या फटीतून थुंकायचा प्रयत्न करत होता. त्याचे पुढचे दात नाहीतच, त्यामुळे सगळं गळपट्ट्यावर गेलं.

कॅननसाहेब हिवाळ्यासाठी बाथ शहरी गेले आहेत. पुस्तकांची किल्ली त्यांनी माझ्याकडे ठेवली आहे. दुसरं करण्यासारखं काही नसल्याने मी खरंच वाचतो आहे, आणि त्यातलं काही काही बरं आहे.

तुझा आज्ञाधारक,
लायोनेल

*

कोम्बर्ली,
५ डिसेंबर

कॉर्नेलियस,

मी तुला पहारेकरी म्हणून पाठवलं होतं आणि तू चोरांना जाऊन मिळालास. तुझ्या पत्रात तो गाडीवान 'ते' कधीपासून झाला? आणि पाच झालरी? आपल्या वडिलांनी सगळं आयुष्य एका कोटावर काढलं.

पण भांडायला आता वेळ नाही. नीट वाच. लेडी थ्रॉकलींना मुलाला समक्ष पाहायचं आहे. मिसेस पूलने त्यांचे कान भरले आहेत की विनकॉटांचा मुलगा घोड्यांच्या संगतीत असतो. त्या १८ तारखेला गावाबाहेरच्या चौरस्त्यावरून गोल्डफिंच पकडून सॉल्सबरीला येत आहेत. आत बसून, अर्थातच. स्वतःचे घोडे त्या दमवत नाहीत, दाणा लागतो. लायोनेलला पाहून त्या तिथल्या तिथे निर्णय देणार. कॅनन थर्लोंचंही मत घ्यायचं म्हणतात, त्यांना त्या कधी भेटलेल्या नाहीत.

त्या दिवशी लायोनेल काळ्या कपड्यांत, पुस्तक घेऊन, तुझ्या दिवाणखान्यात बसलेला असला पाहिजे. बॉक्सवर तो दिसता कामा नये. माझं छप्पर आता तुझ्या हातात आहे. मला वचन दे.

हेस्टर

*

सॉल्सबरी,
२० डिसेंबर

प्रिय हेस्टर,

हे अक्षर लायोनेलचं आहे, कारण माझा उजवा हात गळ्यात बांधला आहे. मी सांगतो तसं तो लिहितो आहे. तो मधे स्वतःचं काही घालणार नाही असं त्याने कबूल केलं आहे. (घालणार आहे. लायो.)

पहिली गोष्ट, मी दिलेलं वचन शब्दशः पाळलं. लायोनेल बॉक्सवर नव्हता.

१८ तारखेला सकाळी डॉर्चेस्टरला मिस्टर ब्लॅगडनांचं बोट संधिवाताने इतकं सुजलं होतं की लगाम धरवेना. शिवाय सॉल्सबरीला त्यांच्या भाचीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता, म्हणून ते काळ्या कोटात, पांढऱ्या गळपट्ट्यात, असे अगदी टापटिपीत आले होते. बदली माणूस मिळेना. गाडी तर निघायलाच हवी होती. प्रसंगच असा आला की लगाम कोणीतरी धरणं भाग होतं, आणि माझा कोट तयार होता. (मामा आदल्या रात्रीच डॉर्चेस्टरला मुक्कामाला गेला होता. कोण म्हणतं प्रसंग आला. लायो.)

चौरस्त्यावर लेडी थ्रॉकली चढल्या. वर माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी पुष्कळ सावकाश चालवत होतो, हेस्टर. देवाशपथ सांगतो. पण खडूच्या टेकडीच्या उतारावर मागून कॉमेटचं शिंग ऐकू आलं. त्यांचा गार्ड आमच्याकडे बघून टोपी उडवत होता. मिस्टर ब्लॅगडन म्हणाले, "जाऊ द्या त्यांना, मिस्टर बॅब." मी जाऊ देणारच होतो. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. चारी घोडे एकदम पळाले, आत कोणीतरी किंचाळलं, आणि आम्ही कॉमेटच्या पुढे गेलो. पुरतं एक शेतभर आम्ही पुढे होतो. त्यानंतर वळण आलं आणि गाडी बदकांच्या तळ्यात आडवी झाली.

कोणाला फारसं लागलं नाही. माझं खांद्याचं हाड मोडलं. लेडी थ्रॉकलींना वरच्या बाजूला आलेल्या खिडकीतून बाहेर ओढावं लागलं. ते मिस्टर ब्लॅगडनांनी केलं. चिखलातून हात पुढे करून म्हणाले, "घाबरू नका बाईसाहेब, आधी उजवा पाय." त्या आवाजाने त्या एकदम शांत झाल्या. त्यांनी त्या काळ्या कोटाकडे पाहिलं, गळपट्ट्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी पाच झालरींत, टोपी गेलेली, तोंडात बदकाचं पीस. म्हणाल्या, "गाडीवान, तू दारू प्यायला आहेस." आणि मिस्टर ब्लॅगडनांकडे वळून म्हणाल्या, "आपण कॅनन थर्लो असणार. आपल्याला भेटायलाच मी येत होते."

मिस्टर ब्लॅगडनांना त्यांची चूक दुरुस्त करायला फुरसतच मिळाली नाही. घोडे सोडेपर्यंत त्या त्यांच्या शेजारी एका पेटीवर बसून राहिल्या आणि तरुण विनकॉटबद्दल विचारत राहिल्या. ते खोटं बोलणारे नाहीत. म्हणाले, "पोरगा माझ्याकडे उन्हाळ्यापासून होता. मनाने भला आहे, पण त्याला घाई कशाचीच नाही. वाटेत एखादी म्हातारी भेटली की तिची सगळी कहाणी ऐकत बसतो आणि सगळ्यांना उशीर करतो. मी त्याला स्पष्ट सांगितलं, आमच्या धंद्यात तुझा उपयोग नाही." लेडी थ्रॉकली म्हणाल्या की कॅननने इतकं खरं बोललेलं त्यांनी प्रथमच ऐकलं, आणि त्यांना नेमका असाच माणूस हवा आहे, कारण मिस्टर पूल अंत्यविधीसुद्धा पाय आपटत उरकतात.

(त्या चिखलाने माखलेल्या, ब्लॅगडनच्या हाताला धरून दिवाणखान्यात आल्या तेव्हा मी पुस्तक घेऊन बसलो होतो. 'आपल्या गुरूंना उठून खुर्ची दे' म्हणाल्या. मी दिली. आणि पुस्तक छातीशी धरून उभाच राहिलो. त्यांना माझा विनय फार आवडला. आई, गादी माझी झाली. त्यांच्या भाचीचं, मिस युफेमियाचं, नाव दोनदा निघालं, ते काय ते मला कळलं नाही. लायो.)

एक वाईट झालं. लेडी थ्रॉकलींनी गाडीच्या मालकांना लिहून बेतालपणे हाकणाऱ्या त्या गाडीवानाला काढून टाकायला लावलं. मालकांनाही पाटी कोरी करायची होती. आज मला त्यांचं पत्र आलं, की जेथ्रो ब्लॅगडन यांच्या जागी काम पाहणारा गाडीवान बॅब याला कामावरून कमी करण्यात येत आहे. मला गाडीवान म्हटलेलं मी प्रथमच पाहिलं. ते पत्र चौकटीत बसवून मी दिवाणखान्यात लावलं आहे, आपल्या वडिलांच्या चित्राखाली.

तुझा,
कॉर्नेलियस

*

कोम्बर्ली,
२७ डिसेंबर

प्रिय कॉर्नेलियस,

तुझं पत्र वाचून आधी माझा संताप झाला, मग मी हसले, आणि मग बागेत जाऊन रडले. घर राहिलं. एवढं एकच वाक्य मी दिवसभर मनाशी म्हणते आहे.

ते मुळीच तुझ्यामुळे राहिलेलं नाही, हे लक्षात ठेव. खांद्याला गरम विटेचा शेक घे. त्या गाडीवानाला माझ्यातर्फे मुरंब्याची एक बरणी दे. मिसेस पूलने आज मला रस्त्यात ओळख दाखवली नाही, तेव्हा नाताळ चांगला गेला असं म्हणायला हरकत नाही.

तुझी,
हेस्टर

*

कोम्बर्ली,
२ एप्रिल १८२७

प्रिय कॉर्नेलियस,

तीन महिने लिहिलं नाही, कारण चांगलं लिहावं असं काही घडलं नाही, आणि वाईट लिहिलं तर तू येऊन मदत करशील अशी भीती वाटली.

लायोनेलला दीक्षा मिळाली आणि तो गादीवर बसला. बोलण्यासारखं खरंच काही नाही त्याच्याविरुद्ध. म्हातारे-कोतारे त्याच्यावर खूश आहेत, तो प्रत्येकाच्या चुलीशी तासभर बसतो. प्रवचनात त्या दातांच्या फटीतून शिट्टी येते, पण लेडी थ्रॉकलींना वाटतं की ती भक्तीची तळमळ आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या भाचीशी त्याचं लग्न ठरलं. गादीबरोबर ती येणार हे त्या पहिल्यापासूनच धरून चालल्या होत्या, आपल्यालाच कळलं नव्हतं.

युफेमिया नीटस मुलगी आहे. मोठ्याने बोलत नाही. परवा ती चहाला आली, हातमोजे काढले, आणि पिशवीतून फीत काढून माझ्या खिडक्या मोजल्या. विती वगैरे नाही टाकल्या, सरळ फीत. म्हणाली, मिसेस पूलने जुनी मापं दिली होती, पण स्वतः मोजलेलं बरं. मग मला म्हणाली, "आई, तुम्हाला मागची खोली जास्त आवडेल. तिथे जिने चढायला नकोत." नासपतीची झाडं ती काढणार आहे, कारण पाहुण्यांच्या खोलीवर सावली पडते.

मी लायोनेलकडे पाहिलं. तो मनाने भला आहे, माझी सगळी कहाणी त्याने ऐकून घेतली असती. पण तोवर चहा झाला आणि ती दोघं बाग बघायला गेली.

मी सव्वीस वर्षं या घरात राहिले. माझी दोन लेकरं चर्चमागे निजली आहेत आणि ती झाडं मी त्यांच्यासाठी लावली होती. वर्षभर मी घर माझ्या हातून जाऊ नये म्हणून झगडले, आणि आता घर माझ्या मुलाकडे राहिलं आहे आणि मी मात्र मागच्या खोलीत जायची आहे. कोणाची तक्रार करू? सगळं माझ्याच मनासारखं झालं.

थोडे दिवस तुझ्याकडे आले तर चालेल का? माझा काही त्रास नाही. सूप मी बघेन.

तुझी,
हेस्टर

*

सॉल्सबरी,
६ एप्रिल

प्रिय हेस्टर,

थोडे दिवस कशाला, राहायलाच ये. वरची मोठी खोली उन्हाची आहे, खिडक्यांना पडदे नाहीत, आणि कोणी मोजणारही नाही.

११ तारखेला गोल्डफिंचने ये. मी तुझ्यासाठी आतली जागा धरली आहे. सुरक्षित असते. लगाम मिस्टर ब्लॅगडनांच्या हाती असतील, माझ्या नाहीत. मला अजूनही आवारात येऊ देत नाहीत. मी फाटकाबाहेर उभा राहून घोड्यांना हाका मारतो.

तुझा,
कॉर्नेलियस

*

खाणावळीतून, सॉल्सबरीच्या वाटेवर,
११ एप्रिल

प्रिय कॉर्नेलियस,

हे पत्र गार्ड कॉमेटवाल्याकडे देईल; ती आम्हाला वाटेत मागे टाकतेच, म्हणजे मी यायच्या आत तुला मिळेल. घाईत लिहिते, पण काळजीचं काही नाही.

आतल्या जागेवर एक हंसीण होती. तीच की तिची मुलगी, कोण जाणे. मी गार्डला सांगितलं की मी हिच्यासमोर बसणार नाही. म्हणाला, मग बॉक्सवरचीच तेवढी रिकामी आहे, पण ती बायकांची जागा नाही. मी म्हटलं, सध्या बायकांची जागा कोणती ते मला कोणी सांगत नाही, तेव्हा तीच दे. दोघांनी हात दिला आणि मी वर चढले.

धुकं होतं. तू लिहिलंस तशी मेंढ्यांची डोकी दिसली. टोलनाक्यावर फाटक उघडलं तेव्हा तो रात्रीच्या टोपीतला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. मुलाचं लग्न ठरल्यापासून माझ्याकडे इतकं नीट कोणीच पाहिलं नव्हतं.

मिस्टर ब्लॅगडन फार कमी बोलतात. ते म्हणाले, मुरंबा चांगला होता. मी म्हटलं, झाडं गेली, आता होणार नाही. त्यांनी आपली घोंगडी माझ्या गुडघ्यांवर टाकली. मग खडूच्या टेकडीचा चढ आला. त्यांना नाक शिंकरायचं होतं. कॉर्नेलियस, नाक शिंकरायला त्यांना आख्खा चढ लागला.

इथे सूप कढत वाढलं. मी त्यात थंड पाणी ओतलं, प्यायले, आणि शिंग वाजायच्या आत दुसरी वाटी मागितली. खाणावळवाला आता दाराशी उभा राहून मिस्टर ब्लॅगडनांशी माझ्याबद्दल काहीतरी बोलतो आहे.

परतीची तारीख मी ठरवलेली नाही. पण शनिवारी डॉर्चेस्टरच्या खेपेला बॉक्सवरची जागा माझ्या नावाने धरून ठेव, तू मागे सामानाशेजारी बस. लायोनेलला यातलं काही लिहू नकोस. तो आता पाद्री आहे, आईची काळजी करत बसेल.

आणि तुझा तो कोट ब्रश करून ठेव. मला लांब होईल, खालून दुमडावा लागेल. युफेमियाची मापाची फीत चुकून माझ्या पेटीत आली आहे.

तुझी बहीण,
हेस्टर